पिंक फ्लॉइडचे बॉक्स सेट: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

पुण्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा ‘द अर्ली इयर्स १९६५–१९७२’ हा बॉक्स त्यांना वापरलेला, पण ‘अगदी नव्यासारखा’ मिळतोय. किंमत ऐकून घरच्यांनी डोक्याला हात लावलाय. त्यांच्याकडे ‘लाइव्ह ॲट पॉम्पेई’ या मैफल-फिल्मची २००३ ची डीव्हीडी आहे, ‘पल्स’ या मैफलीची डीव्हीडी आहे, आणि नव्या मोठ्या टीव्हीवर ‘पल्स’ पार पिचपिचीत दिसतो. मग हा बॉक्स घ्यावा, की बँडच्या नंतरच्या काळाचा ‘द लेटर इयर्स’ बॉक्स घ्यावा, की पॉम्पेईची २०२५ ची नवी आवृत्ती घेऊन गप्प बसावं?

आधी सरळ उत्तर देतो. पॉम्पेई डोळे मिटून घ्या. ‘पल्स’ नीट दिसावा म्हणून बॉक्स घेऊ नका. आणि ‘अर्ली इयर्स’चं उत्तर तुम्ही मैफल बघता की ऐकता, यावर आहे.

मी जुन्या फिल्म आणि टेपा डिजिटल करण्याच्या धंद्यात आहे. दुसऱ्यांचे डबे उघडणं हे रोजचं काम, आणि फ्लॉइड हे त्याच्याही आधीचं वेड. त्यामुळे कुठलाही बॉक्स हातात आला की मी पोस्टर, तिकिटांच्या नकला, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक हे सगळं बाजूला ठेवतो आणि मागच्या पानावरचा बारीक टाइप वाचतो. मूळ कुठलं वापरलंय? फिल्मची निगेटिव्ह, प्रिंट, व्हिडिओ टेप, की कुणाच्या तरी घरी सापडलेली नक्कल? ध्वनी मल्टिट्रॅकवरून (वाद्यं वेगवेगळी टिपलेल्या टेपवरून) पुन्हा मिसळलाय, की रेडिओवर गेलेला तयार मिक्स नुसता धुऊन घेतलाय? बॉक्सची खरी किंमत या दोन प्रश्नांत असते. डिस्क किती, याला फार अर्थ नाही.

‘पल्स’पासूनच सुरुवात करू, कारण सगळी मेख त्यात आहे. ही मैफल २० ऑक्टोबर १९९४ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये चित्रित झाली. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. कॅमेरे व्हिडिओचे, मुद्रण टेपवर. त्या वेळच्या युरोपी टेपवर दिसणाऱ्या चित्राच्या ५७६ रेषा असायच्या, अमेरिकी पद्धतीत त्याहूनही कमी. ब्लू-रेला १०८० रेषा लागतात, तुमच्या टीव्हीला बहुधा २१६० (म्हणजे ४के). मधल्या रेषा आणायच्या कुठून? यंत्राने अंदाजाने भरायच्या. शिवाय या टेपवर चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं असतं: आधी एक आड एक रेषा, मग उरलेल्या. जुन्या काचेच्या टीव्हीला ते चालायचं. सपाट टीव्ही दोन्ही हप्ते एकदम जोडायला जातो, आणि गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा हात गिटारच्या मानेवरून झपकन खाली आला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. ‘कम्फर्टेबली नम्ब’च्या शेवटी त्या प्रचंड आरसेगोलावरून किरण फिरतात ना, तिथे थांबवून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

‘द लेटर इयर्स’मध्ये ‘पल्स’ मूळ टेपांवरून पुन्हा संपादित केलाय. तो डीव्हीडीपेक्षा स्वच्छ आहे, नाही असं नाही. २०२२ मध्ये तो सुटा ब्लू-रेवरही निघाला. पण जे टेपवर कधी उतरलंच नाही ते कुठलाही पुनर्संस्कार आणू शकत नाही. तेव्हा आधी एक फुकटचा उपाय करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राची धार वाढवणारं आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे जे असेल ते बंद करा, आणि सोफा दोन फूट मागे सरकवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल. नाहीच मिटली, तर सुटी डिस्क आहेच. त्याच्यासाठी अख्खा बॉक्स घ्यायची गरज नाही.

आता याच बॉक्समधली ‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’ बघा. ही ‘पल्स’पेक्षा सहा वर्षांनी जुनी मैफल, ऑगस्ट १९८८ ची, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या नॅसॉ कोलिसियममधली, दिग्दर्शक वेन आयशम. तरी आज ती कितीतरी जास्त रेखीव दिसते. कारण ती ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती. मग १९८९ च्या व्हीएचएसवर ती इतकी धुरकट का होती? कारण चित्रण फिल्मवर झालं तरी संपादन व्हिडिओवर झालं. त्या काळात सर्रास तसं व्हायचं: निगेटिव्ह धुतली, टेपवर उतरवली, कापाकापी टेपवर केली आणि फिल्मचे डबे गोदामात टाकले. म्हणजे तयार मैफल होती फक्त टेपवर, आणि फिल्मवर होता नुसता कच्चा माल. ‘लेटर इयर्स’साठी ऑब्री पॉवेलच्या देखरेखीखाली शंभराहून जास्त डब्यांतली निगेटिव्ह पुन्हा स्कॅन झाली आणि बेनी ट्रिकेटने मैफल नव्याने कापली. आमच्या धंद्यात याच्याइतकं कंटाळवाणं काम नाही. प्रत्येक डबा उघडायचा, लेबल आणि आतला माल जुळतो का बघायचं, फिल्मला खराब होत असल्याचा व्हिनेगरचा वास सुटला नाही ना ते हुंगायचं, मग प्रत्येक शॉट ध्वनीशी जुळवायचा. ड्रमवर काठी कधी पडली यावरून फ्रेम लावायची. मी तरी बॉक्सचे पैसे अशा कामाचे देतो, पुठ्ठ्याचे नाही.

पण ‘डेलिकेट साउंड’ही २०२० मध्ये सुटी निघाली, आणि नेबवर्थच्या ३० जून १९९० च्या मैफलीचा नुसता आवाज २०२१ मध्ये. बॉक्समध्ये व्हेनिस आहे: १५ जुलै १९८९, सान मार्को चौकासमोर पाण्यात तरंगता रंगमंच, साधारण दोन लाखांची गर्दी, आणि दुसऱ्या दिवशी शहरभर कचरा. त्या प्रकरणात तिथल्या महापौरासकट नगरपालिकेला राजीनामे द्यावे लागले. बघायला गंमत आहे. चित्र मात्र टीव्ही प्रक्षेपणाचंच. शिवाय ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’चा नवा मिक्स आहे, त्यात निक मेसनने ड्रम नव्याने वाजवले आणि रिक राइटचे कीबोर्ड मैफलींच्या मुद्रणांतून आणून बसवले. मला तो मूळ अल्बमपेक्षा जास्त आवडतो. ऐंशीच्या दशकाचा चकचकीतपणा उतरल्यावर ती गाणी एका बँडची वाटतात. अनेकांना तो इतिहासाशी केलेला खेळ वाटतो, आणि त्यांचंही चूक नाही. तोही पुढे सुटा आला. तेव्हा ‘लेटर इयर्स’च्या १८ डिस्कपैकी तुम्हाला हवं ते बहुतेक सगळं बॉक्सशिवाय मिळतं.

पॉम्पेईकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ऑक्टोबर १९७१. व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या गावातलं रोमन ॲम्फिथिएटर, समोर एकही प्रेक्षक नाही, आणि चार तरुण भर उन्हात वाजवतायत. कल्पना दिग्दर्शक एड्रियन मेबनची. त्या काळातल्या संगीतपटांत नाचणारा जमाव दाखवायची साथ आली होती. याने जमावच काढून टाकला. मोठी अडचण विजेची झाली. तिथली वीज बँडचा सरंजाम पेलेना, म्हणून गावातून लांबलचक केबल ओढून आणावी लागली आणि हातातले मोजके दिवस त्यात गेले. त्यामुळे प्रत्यक्ष पॉम्पेईत तीनच रचना पुऱ्या झाल्या: ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’. बाकीच्या पॅरिसच्या स्टुडिओत. हे ओळखायची सोपी खूण राइटच्या चेहऱ्यावर आहे. पॉम्पेईत त्याला दाढी आहे, पॅरिसमध्ये सफाचट.

‘वन ऑफ दीज डेज’मध्ये कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ मेसनवरच का आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. बाकीच्या कोनांची रिळं हरवली. पण त्या नाइलाजातून रॉक-चित्रणातलं ड्रमचं एक फार सुंदर दृश्य मिळालं. मध्येच त्याच्या हातातली काठी उडते, आणि ठेका जराही न मोडता तो दुसरी उचलतो. २००३ च्या डीव्हीडीवर ते दिसतं, नाही असं नाही. पण २०२५ च्या आवृत्तीत त्याच्या मनगटाचा झटका, कपाळावरचा घाम आणि झांजेवरची धूळ वेगवेगळी दिसते, आणि तो क्षण तुम्ही माहीत असूनही पुन्हा लावता.

हा फरक पडला तो मुळामुळे. २०२५ च्या ‘पिंक फ्लॉइड ॲट पॉम्पेई – एमसीएमएलएक्सएक्सआयआय’साठी (रोमन आकड्यांत १९७२) ३५ मिमीची मूळ कापलेली, म्हणजे संपादित, निगेटिव्ह वापरली. ती बँडच्याच संग्रहात, भलतीच लेबलं लावलेल्या पाच डब्यांत पडली होती. मला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. हरवलेल्या म्हणून नोंदवलेल्या गोष्टी बऱ्याचदा चुकीच्या लेबलाखाली, मूळ मालकाच्याच कपाटात असतात. लाना टॉपहॅम यांच्या नेतृत्वाखाली तिचं ४के मध्ये फ्रेमगणिक काम झालं, आणि ध्वनी स्टीव्हन विल्सनने नव्याने मिसळला. एप्रिल २०२५ मध्ये ती आयमॅक्सवर दाखवली आणि २ मे ला घरासाठी आली. पण ती साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडीवर, ४के डिस्कवर नाही. काम ४के मध्ये करायचं आणि घरच्या माणसाला १०८० द्यायचं, यावर चाहत्यांनी जो शिमगा केला तो रास्तच होता. तरी घ्या. चांगल्या निगेटिव्हवरून आलेला १०८० हा टेपवरून फुगवलेल्या ४के पेक्षा केव्हाही सरस.

तुमची २००३ ची डीव्हीडी विकू मात्र नका. ती ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ आहे. मेबनने त्यात संगणकावर तयार केलेले ग्रह आणि जुन्या पॉम्पेईची चित्रं घातली. बऱ्याच जणांना ती खुपतात, मलाही. पण मेबनच्या मनात काय होतं याचा तो दस्तऐवज आहे. ‘अर्ली इयर्स’ बॉक्समधली २०१६ ची आवृत्ती तिसरीच: नुसती गाणी, ५.१ म्हणजे चौफेर ध्वनीत. ‘डार्क साइड’ अल्बमच्या वेळची ॲबी रोड स्टुडिओतली दृश्यं आणि कँटीनमधल्या गप्पा तिच्यात नाहीत. त्या गप्पांशिवाय पॉम्पेई मला अर्धी वाटते. जगातला सर्वांत गंभीर समजला जाणारा बँड जेवणाच्या टेबलावर ॲपल पायवरून डोकं लावत बसलाय, हे बघायला मिळणं हा त्या फिल्मचा अर्धा आनंद आहे. तेव्हा फक्त पॉम्पेईसाठी बॉक्स घेत असाल तर तसं करू नका.

आणि ‘अजून चित्रण कुठेतरी असेल, पुढच्या आवृत्तीत येईल’ अशी आशाही नको. न वापरलेल्या रिळांचा पुढे नाश झाला. निगेटिव्ह वाचली ती कापलेल्या फिल्मची, म्हणून आहे तेवढंच आहे.

आता ‘द अर्ली इयर्स’. ११ नोव्हेंबर २०१६ ला आला. १० सीडी, ९ डीव्हीडी, ८ ब्लू-रे, मिळून २७. यातली पहिली गोम: डीव्हीडीवर आणि ब्लू-रेवर तेच चित्रण दोनदा दिलंय. ज्याच्याकडे ब्लू-रे प्लेयर आहे त्याच्या दृष्टीने नऊ डिस्क नुसती भरती. उरल्या १८. त्याशिवाय सात इंची पाच तबकड्यांच्या नकला, पोस्टर, पत्रकं वगैरे. २०११ च्या ‘इमर्शन’ बॉक्समध्ये तर गोट्या आणि मफलर दिला होता. त्या मानाने हा बॉक्स शहाणा म्हणायचा.

सात खंड आहेत. पहिले सहा मार्च २०१७ मध्ये सुटे निघाले. सातवा, ‘कंटिन्युएशन’, फक्त बॉक्समध्येच मिळतो: बीबीसीची सत्रं, शिवाय बार्बे श्रोडरचे ‘मोर’ आणि ‘ला व्हॅले’ हे दोन अख्खे चित्रपट, ज्यांना फ्लॉइडचं संगीत होतं. म्हणजे पूर्ण बॉक्सची जास्तीची किंमत तुम्ही या सातव्या खंडासाठी आणि पेटीसाठी मोजता. मला स्वतःला ‘मोर’ एकदा बघण्यापुरता बरा वाटला.

आत काय आहे ते मुळाच्या चष्म्यातून सांगतो. १९६७ चं स्टॉकहोमचं मुद्रण आहे, बँडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट असतानाचं. गाणारा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. तरीही ते कान देऊन ऐका, कारण अल्बमवरची तीन मिनिटांची गोंडस गाणी रंगमंचावर किती रानटी व्हायची, हे दुसरीकडे कुठे इतकं स्पष्ट कळत नाही. ‘व्हेजिटेबल मॅन’ आणि ‘स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम’ ही दोन गाणी इतकी वर्षं बूटलेगवर (चोरट्या नकलांवर) फिरत होती, ती इथे पहिल्यांदा अधिकृतपणे आली. १९६९ ची ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमधली ‘द मॅन’ आणि ‘द जर्नी’ डच रेडिओच्या मुद्रणावरून घेतलीय. आवाज उत्तम, आणि माझ्या मते अख्ख्या बॉक्समधला सर्वांत मोलाचा तास हाच. १९७० चं बीबीसीवरचं ‘ॲटम हार्ट मदर’ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी वाहिनीसाठी त्याच वर्षी वाजवलेला तास आहे, त्यात तेव्हाच्या नळीच्या कॅमेऱ्यांमुळे तेजस्वी दिव्यांमागे धूमकेतूसारख्या शेपट्या ओढल्या जातात. तो दोष काढू नये असं माझं मत. तो त्या यंत्रांचा चेहरा आहे.

टीव्हीची बाकीची चित्रणं तुटकी आहेत. याला बँडचा दोष नाही. दोन इंची टेप महाग होती, वाहिन्या ती पुसून पुन्हा वापरायच्या. त्यामुळे चंद्रावर माणूस उतरला त्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत फ्लॉइडने थेट वाजवलेल्या तुकड्याचा आपल्याला आवाज मिळतो, चित्र नाही.

चौफेर ध्वनीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात. १९७० च्या खंडात ‘ॲटम हार्ट मदर’चा चार वाहिन्यांचा जुना मिक्स आहे. फ्लॉइडला हे वेड सुरुवातीपासून होतं. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी प्रेक्षकांभोवती आवाज फिरवला होता, ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाच्या जॉयस्टिकच्या पेटीने, जी ॲबी रोडच्या एका अभियंत्याने बनवली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये बँडचा जुना गायक-बासवादक रॉजर वॉटर्सने मुंबईत बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर ‘डार्क साइड’ वाजवला तेव्हा जे तिथे होते, त्यांना पाठीमागून आलेली घड्याळं आठवत असतील. १९७१ च्या ब्लू-रेवर तर ‘मेडल’ अल्बमचा ५.१ मिक्स मेनूत न दाखवता तसाच राहिला होता, आणि डिस्क संगणकावर उतरवणाऱ्यांनी तो शोधून काढला. चाहते किती बारकाईने बघतात बघा! पण तुमच्याकडे दोनच स्पीकर आणि हेडफोन असतील तर यातल्या एकाही मिक्ससाठी जास्तीचा रुपया देऊ नका. साउंडबारवर चार वाहिन्यांचा मिक्स ऐकणं म्हणजे ऐकल्यासारखं करणं.

म्हणून माझा सल्ला: फ्लॉइडची मैफल तुम्ही मुख्यतः ऐकत असाल, तर १९६९ आणि १९७० चे सुटे खंड शोधा. दोन सीडींचा ‘क्रिएशन’ हा निवडक संच आधी ऐका. तो ऐकून पुढे जावंसं वाटलं नाही तर तुमचे हजारो रुपये वाचले. चित्रणाचे बरेच तुकडे बँडच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर फुकट आहेत, ते आधी बघून घ्या. सहाही खंड हवेसे वाटले, तरच बॉक्सचा विचार करा.

आता एवढा माल एकदम २०१६ मध्येच का आला? प्रेमापोटी थोडा, कायद्यापोटी बराच. युरोपात २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षं झाली. पण जे मुद्रण ५० वर्षांत प्रसिद्धच झालं नाही, त्याला ही वाढ मिळत नाही. म्हणून कपाटात पडून असलेलं काहीतरी करून बाहेर काढायची घाई सगळ्याच जुन्या बँडना झाली. फ्लॉइडची १९६५ ची अगदी पहिली मुद्रणं २०१५ च्या शेवटी जेमतेम १०५० प्रतींत आली, ती यामुळेच. डिसेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या मैफलींची मुद्रणं कसलाही गाजावाजा न करता स्ट्रीमिंगवर टाकली गेली, तीही बूटलेगच्या दर्जाची. कायदा माहीत असला की ‘अमुक बॉक्स कधी येईल’ याचा अंदाज ज्योतिषाशिवाय बांधता येतो.

वाट बघण्याचा फायदा दुसऱ्या एका उदाहरणावरून पटेल. ‘डार्क साइड’ची पन्नाशी झाली तेव्हा, मार्च २०२३ मध्ये, ॲटमॉस (चौफेर ध्वनीच्या) मिक्सची ब्लू-रे फक्त महागड्या बॉक्समध्ये होती. त्या एका डिस्कसाठी कित्येकांनी अख्खा बॉक्स घेतला. ऑक्टोबरमध्ये तीच डिस्क सुटी आली. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. उतावळ्याकडून आधी घ्यायचे आणि सबुरीवाल्याकडून नंतर, हा जुनाच व्यापार आहे. उलटही होतं. ‘ॲनिमल्स’चा नवा मिक्स २०१८ चा, बाहेर आला २०२२ मध्ये. का, तर पुस्तिकेत छापायच्या मजकुरावरून वॉटर्स आणि गिलमोर यांचं जुळेना. वडिलोपार्जित वाड्यावरून भावकीत चालावं तसं हे भांडण आहे, आणि भाडेकरू आपण. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनीने साधारण ४० कोटी डॉलरना त्यांच्या मुद्रणांचे आणि नावाचे हक्क घेतले. निदान आता सही एकाच टेबलावर होते. पॉम्पेई त्यानंतर सहा-सात महिन्यांत आली, हा योगायोग नसावा.

एक मोठी पोकळी मात्र या सगळ्या बॉक्सना भरता आलेली नाही. १९७३ ते ७७, म्हणजे बँड ऐन भरात होता ती वर्षं. त्या काळाची पूर्ण लांबीची मैफल-फिल्म आजवर अधिकृतपणे निघालेली नाही. त्यानंतरच्या ‘द वॉल’च्या अर्ल्स कोर्टवरच्या प्रयोगांचं चित्रण झालं होतं, त्यातला एक छोटा तुकडा ‘इमर्शन’ बॉक्समध्ये दिला आणि पुढे सगळं शांत. अशा वेळी मूळ कुठून मिळतं बघा. डिसेंबर २०२५ मध्ये ‘विश यू वर हिअर’च्या पन्नाशीच्या आवृत्तीत लॉस एंजेलिसची २६ एप्रिल १९७५ ची मैफल आली. ती बँडच्या टेपवरून नाही. माइक मिलार्ड नावाच्या चाहत्याने प्रेक्षकांत बसून चोरून केलेल्या मुद्रणावरून. हा माणूस नाकामिची रेकॉर्डर आणि भारी माइक व्हीलचेअरमध्ये लपवून आत न्यायचा. ज्या बूटलेगवाल्यांना कंपन्या गुन्हेगार म्हणत होत्या, त्यांच्यातल्या एकाची टेप पन्नास वर्षांनी विल्सनने साफ केली आणि कंपनीने विकली. मिलार्ड १९९४ मध्येच गेला. चांगलं मूळ कुणाच्या हातून येईल, सांगता येत नाही.

आता तुमच्या त्या ‘अगदी नव्यासारख्या’ बॉक्सबद्दल. घ्यायचा ठरलाच तर विकणाऱ्याकडून पेटीचे नाही, प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूचे फोटो मागा, आणि सातव्या खंडाचे आधी. सुटे सहा खंड जमवून एका पेटीत बसवलेले सौदे होतात, त्यात सातवा नेमका नसतो. भेटून घेत असाल तर प्रत्येक डिस्कचं शेवटचं प्रकरण लावून बघा. या डिस्क आतून बाहेर वाचल्या जातात, आणि हाताळणीचे ओरखडे कडेला जास्त असतात; सुरुवात चालली म्हणून डिस्क चांगली असं नसतं. घट्ट पुठ्ठ्याच्या खिशातून डिस्क ओढून काढल्याच्या गोल रेषा दिसल्या तर किंमत पाडून मागा. विभागाच्या कोडची काळजी फारशी नको: ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात येतो, पण संगीताच्या बहुतेक ब्लू-रे सगळीकडे चालतात. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क धरूनच हिशेब करा, आणि विकणाऱ्याला पार्सलवर खोटी किंमत लिहायला सांगू नका. अडकलं तर विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीचेच मिळतात.

आणि एक, पुण्यात कमी पण मुंबई-कोकणातल्यांना जास्त लागू. पावसाळ्यात असा बॉक्स बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. आत ओल कोंडते आणि पहिली बुरशी पुस्तकाच्या कापडी पाठीला येते, मग डिंकाला, मग डिस्कवर ढगाळ डाग. आतल्या भिंतीच्या उघड्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, उभा ठेवा. पुड्या दर पावसाळ्याच्या तोंडावर बदला.

सातव्या खंडाचे फोटो आले की कळवा. तो असेल, डिस्क स्वच्छ असतील आणि सहा सुट्या खंडांच्या चालू बेरजेपेक्षा किंमत फार वर नसेल, तर घरच्यांना समजवायचे मुद्दे मी देतो.